नत्थूजींनी परत घेतलेली जबान

बोरगावच्या नत्थूजींकडून 'हो' काढून घेणं सोपं होतं, पण तो 'हो' त्यांना सोडायला लावणं महाकठीण. एकदा हो म्हटलं की हा माणूस त्या 'हो'ला असा चिकटे की सोडवायला घरचे कमी पडत.

मोहगावला एका लग्नात ते बोलून गेले, "नवरदेव आल्याबिगर मी काही पानावर बसत नाही." बोलायचं म्हणून बोलले; लग्नात माणूस असं काहीबाही बोलतोच. पण नवरदेवाच्या गाडीचा आस नाल्यात मोडला. मुहूर्त टळला, पंगती उठल्या, आचारी हात धुऊन विडी ओढत बसले, आणि नत्थूजी मांडवाच्या खांबाला टेकून उभेच. त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं, पदराआड लपवून एक लाडू आणला. तो त्यांनी शेजारच्या कुत्र्याला दिला. कुत्र्यानं जबान दिलेली नव्हती.

दुसऱ्या वेळी शेजारी जगन्नाथपुरीला निघाला. "मी येईपावतर शेळी सांभाळा," म्हणाला, आणि नत्थूजी हो म्हणाले. शेजारी आला तेव्हा संत्र्याची नवी लावलेली रोपं शेळीच्या पोटात गेली होती आणि शेळीच्या मागं करडं हिंडत होती. पंचफुलाबाई शेजाऱ्याला म्हणाली, "देव भेटला नं तुम्हाले? आमची तं बाग भेटली तुमच्या शेळीले."

गाव हसत असे, पण वापरूनही घेत असे. बांधाचं भांडण असो, भावाभावाची वाटणी असो, सोयरीक असो, लोक एवढंच विचारत, "नत्थूजी हो म्हणाले काय?" म्हणाले असतील तर पुढं कागद नको, साक्षीदार नको.

म्हणूनच पांढुर्ण्याचे पुंडलिकराव त्यांचे व्याही व्हायला तयार झाले. पुंडलिकरावांचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाकडे आणि भांड्याकडे ते एकाच नजरेनं बघत. नत्थूजींची मुलगी उर्मिला त्यांनी आपल्या अरविंदासाठी मागितली तेव्हा म्हणाले, "कुंडली नको, याद्या नको. तुमची जबान पुरे. फाल्गुनात उडवून देऊ बार." नत्थूजी हो म्हणाले. झालं. आता सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी फाल्गुनात लग्न होणार होतं.

मधे पोळा आला. आणि देशातली पहिली निवडणूकही येऊ घातली होती.

त्या वर्षाची मजा काय सांगावी! राजा नाही, साहेब नाही, आणि राज्य कोणी करायचं हे म्हणे बोरगावच्या पंचफुलेनं ठरवायचं. म्हातारे एकमेकांना विचारत, "आपण नाही म्हटलं तं गादीवरचा उतरते काय खाली?" कोणी म्हणे उतरते. मग म्हातारा तंबाखू मळता मळता थांबे आणि पोटात गुदगुल्या झाल्यासारखा हसे.

आमच्या भागातून उभे होते सौसरचे भैय्याजी. निशाण शिडी; तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, तिच्यावर त्याचं निशाण. त्यांच्यासमोर सायकलवाला एक उमेदवार होता, गावोगाव औषधं वाटत फिरणारा वैद्य; बाकीच्यांचं इथं काम नाही. भैय्याजी म्हणजे देखणा माणूस. पांढरंशुभ्र धोतर, गोड जीभ. कंट्रोलच्या दिवसांत कापडाचं रेशन त्यांच्याच दुकानात. त्या साली नत्थूजींचे वडील गेले. नत्थूजी कफनाला कापड मागायला गेले तर भैय्याजी हात जोडून म्हणाले, "एक वार नाही जी शिल्लक." म्हातारा जुन्या धोतरात गेला. त्यानंतर आलेल्या पोळ्याला भैय्याजींचे बैल निघाले ते कोऱ्या करकरीत लठ्ठ्याच्या कापडाची झूल पांघरून. साऱ्या सौसरनं पाहिलं. नत्थूजींनीही पाहिलं. त्या दिवसापासून भैय्याजींच्या आळीतून ते गेले नाहीत.

तर यंदाच्या पोळ्याला तेच भैय्याजी बोरगावात आले. बैल सजवलेले, शिंगांना बेगड, आणि दोर स्वतःच्या हातात! पोळा फुटल्यावर सालदार, म्हणजे सालावर ठेवलेला गडी, बैल घेऊन दारोदार जातो, घरची बाई बैलाचे पाय धुते, ओवाळते, आणि बैल आणणाऱ्याला बोजारा देते. पैसा द्या, धान्य द्या, टोपी द्या. पण दारात बैल उभा असताना नाही म्हणायचं नाही. ही गोष्ट सालदाराची. मालकानं बोजारा मागत फिरावं हे बोरगावानं कधी पाहिलं नव्हतं.

पंचफुलाबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली ती कुजबुजतच. "काहो, मालक स्वतः दोर धरून आला. कायतरी काळंबेरं हाय. जपून."

"बैल उभा हाय दारात," नत्थूजी म्हणाले. "बैलाले काय ठाऊक मालक कसा हाय तं."

ओवाळणी झाली. भैय्याजी हसून म्हणाले, "नत्थूजी, बोजारा."

"मागा."

"नाही तं म्हणणार नाही नं?"

"पोळ्याच्या दिवशी दारातून कोणी रिकामा गेला काय आजवर? दिला म्हणून समजा."

सारं गाव ऐकत होतं. भैय्याजींनी बैलाच्या पाठीवर थाप मारली. "मंग तुमचं मत द्या. शिडीच्या पेटीत."

आरतीच्या ताटातला दिवा विझला म्हणतात. पंचफुलाबाईच्या सुस्काऱ्यानं विझला असावा. भैय्याजी रामराम करून दुसऱ्या दाराकडे वळलेसुद्धा.

"दिलं?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"दिलं," नत्थूजी म्हणाले. "मांगितलं काय हे ऐकाच्या आंधीच देऊन बसलो."

"शेळी बरी होती," ती म्हणाली.

पुढं दिवाळी झाली. संत्री पिवळी पडू लागली आणि सौसरचे रघुनाथराव गुरुजी मतदान शिकवायला बोरगावात आले. भला माणूस. बिस्किटांचे दोन डबे मांडले, एकाला शिडीचं चित्र, एकाला सायकलचं, आणि मतपत्रिका म्हणून चिंचेची पानं. हेमंत ऋतू असूनही घामाघूम होऊन ते शिकवत होते. पंचफुलाबाईनं एक पान शिडीत टाकलं, एक सायकलीत.

"अहो, एकच टाकायचं!"

"असं कसं जी? दोघंही हात जोडून गेले. एकाले देऊन दुसऱ्याचं तोंड कसं पाहू?"

बाया फिदीफिदी हसल्या. मग गुरुजींनी भाषण केलं. बोलायला लागले की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर येई. "देश मोठा कशानं होतो? फौजेनं? कारखान्यांनी? नाही! आगगाडी लांब असली म्हणून देश मोठा होत नाही. त्या गाडीत बसणारा माणूस तिकीट काढतो की नाही, त्यावर देशाची उंची मोजायची. कोणी बघत नसताना आपण कसे वागतो, तोच आपला देश!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. नत्थूजींनी नाही पिटल्या. सगळे पांगल्यावर त्यांनी गुरुजींना संत्र्याच्या झाडाखाली गाठलं.

"गुरुजी, एक अडचण हाय. मी जबान मोडली तं माही नीती गेली. नाही मोडली तं ज्यानं माह्या बापाले कफन नाही देल्लं तो देशावर बसते. आता देश कायनं मोठा होईन, सांगा."

गुरुजींनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "नत्थूजी, मत गुप्त असतं. आत पडदा असतो. भैय्याजींना कळणारच नाही कोणत्या पेटीत टाकलं ते."

"मले तं कळन नं?"

"हं."

"तुम्हीच आता म्हणून राहिले होते, कोणी पाहत नसताना कसा वागते माणूस. पडद्याआड तं कोणीच पाहत नाही."

गुरुजी हसले, पण कसनुसे. आपलंच भाषण असं लगेच अंगावर येईल याचा त्यांना अंदाज नव्हता. जाताना एवढंच म्हणाले, "नत्थूजी, हे उत्तर माझ्याजवळ नाही. पण प्रश्न जपून ठेवा, चांगला आहे."

चांगला प्रश्न घेऊन माणसानं झोपावं कसं? नत्थूजी कूस बदलत राहिले. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं की एकट्याचं मत, शिडीत टाकून मोकळं व्हावं. एका मतानं असा काय पहाड कोसळणार आहे.

तेवढ्यात मोहगावहून एक बातमी आली. बातमी कसली, दवंडीच. भैय्याजींची गाडी ढोलकं वाजवत गावोगाव फिरत होती आणि वर बसलेला माणूस ओरडत होता, "बोरगावच्या नत्थूजींची जबान कोणाले? शिडीले!" मोहगावचे लोक म्हणत होते, नत्थूजी हो म्हणाले, मग पाहायचं काय राहिलं? ज्यांनी सायकलवाल्याचं चहापाणी केलं होतं तेही शिडीकडे वळून राहिले होते.

नत्थूजी हे ऐकून बागेत गेले आणि उगाच एका झाडाभोवती फिरत राहिले. दिलं होतं एक मत. भैय्याजी त्या मताची गावोगाव झूल पांघरून मिरवत होते. आता पडदा कामाचा नव्हता. एकतर जबान ठेवायची आणि आणखी किती गावांना आपल्या नावानं फसू द्यायचं, नाहीतर ती परत घ्यायची, आणि तीही जिथं गाजली तिथंच, भर बाजारात.

"परत घेतो," त्यांनी घरात येऊन सांगितलं.

पंचफुलाबाईनं हातातलं सूप खाली टाकलं. "काहो, डोस्कं फिरलं काय? पांढुर्ण्याचा तो भांडेवाला तुमच्या जबानीवर पोरगी करून राहिला. त्यानं ऐकलं नत्थूजीची जबान फिरली, तं सोयरीक उरते काय? मंग कोण उभं करीन पोरीले दारात? लोक म्हणतीन, याच्या हो-नाहीचा भरोसा नाही."

"म्हणतीन."

"अन् तुम्ही ऐकून घेसान?"

"ऐकाच लागन. मी चुकलो नं."

उर्मिला चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली, बापाकडे पाहिलं आणि पुन्हा फुंकू लागली. फाल्गुनाच्या साड्या घडी करून पेटीत ठेवलेल्या होत्या.

बाजाराच्या दिवशी सौसरात भैय्याजींची सभा होती. चौकात तख्त, तख्तावर गादी, गादीवर भैय्याजी. नत्थूजी गर्दीतून वाट काढत आले. डोक्यावर संत्र्यांची करंडी. लोकांना वाटलं, भेट आणली. ढोलकंवाल्यानं लगेच ताल धरला, "आले आले, नत्थूजी आले!"

भैय्याजी उठून उभे राहिले. "या, या! वर या. पाहा मंडळी, जबानीचा माणूस!"

नत्थूजी वर चढले. करंडी गादीवर ठेवली. बाजारातली ओरड हळूहळू थांबली. मिरचीवालीनंसुद्धा तराजू खाली ठेवला म्हणे.

"भैय्याजी, पोळ्याच्या दिवशी तुम्ही बोजारा मांगितला. मी मत देल्लं. आज ते परत घ्याले आलो. त्याच्या बदल्यात ही संत्री घ्या. आमच्या बागेतली हायत, वरून खालपावतर सारखी. दारातून रिकामं नाही पाठवत तुम्हाले."

कोणीतरी खो-खो हसलं. मग बाजारच हसला. भैय्याजी मात्र हसायचे थांबले. "नत्थूजी, बोजारा दिलेला कोणी परत घेते काय?"

"नाही घेत. पण मत बोजाऱ्यात द्याची वस्तू नाही, हे मले तवा समजलं नाही. जे माह्या एकट्याचं नव्हतं ते मी दान करून बसलो. चूक माही. तुम्ही मांगितलं ती तुमची."

"म्हणजे जबान मोडली."

"मोडली."

गर्दीत एक सुस्कारा फिरला. मोहगावचा एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "अबे, नत्थ्या बोलून राहिला काय हे?"

भैय्याजींना आता रंग चढला. ते गर्दीकडे वळले. "ऐका मंडळी! हा माणूस आज जबान वापस घेते. उद्या पोरीचं लगनही वापस घेईन! पांढुर्ण्याचे कोणी असतीन तं जाऊन सांगा पुंडलिकरावाले!"

हे मात्र लागलं. नत्थूजींचा हात खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेला. पांढुर्ण्याचे दोघे-चौघे गर्दीत होतेच. बाजाराला कोण येत नाही? नत्थूजी म्हणाले, "घ्याची पाळी आली तं घेईन. पण असाच दिवसा, लोकांसमोर येऊन घेईन. मांगच्या दारानं नाही." मग तख्तावरून उतरले आणि चालू लागले. का कोण जाणे, छाती अशी हलकी झाली होती की त्यांना पळावंसं वाटत होतं. रस्त्यात एकटेच हसले. मग उर्मिला आठवली आणि हसू विझलं.

मतदानाच्या दिवशी बोरगावनं जो थाट केला तसा कोणाच्या लग्नात केला नसेल. बैलांना घुंगरं, बायांच्या अंगावर ठेवणीतली लुगडी, गाण्यावर गाणं. केंद्रावरच्या बाबूनं पंचफुलाबाईला नवऱ्याचं नाव विचारलं. ती लाजली, रागावली, शेवटी उखाण्यात नाव घेतलं. बाबूला टाळी वाजवावी लागली. बोटावरची शाई म्हातारे उन्हात धरून एकमेकांना दाखवत होते. एक म्हणाला, "आता साहेबाच्या बोटावर हाय काय अशी?" साहेब कधीचा विलायतेला गेला होता, पण त्याला उत्तर नको होतं.

नत्थूजी पडद्याआडून बाहेर आले ते लग्न लावून आल्यासारखे. कोणत्या पेटीत टाकलं ते सांगायची गरज नव्हती.

आणि निवडून कोण आलं? भैय्याजीच! घासून आले, पण आले. बोरगाव-मोहगावकडून शिडीला फारसं काही मिळालं नाही, बाकी गावांनी तारलं. पुढं चार-पाच वर्षांनी प्रांतांच्या सीमा नव्यानं आखल्या, नागपूर सीमेपलीकडे दुसऱ्या प्रांतात गेलं, सौसर-पांढुर्णा इकडेच राहिलं. 'तुम्हाला नागपूरसोबत नेतो' म्हणून मतं मागणारे भैय्याजी तेव्हा आपल्या जबानीबद्दल कुठंही बोलायला आले नाहीत. लोकांना मग सौसरचा तो बाजार आठवला. पण हे पुढचं.

निकाल लागल्यावर पुंडलिकराव बोरगावात आले. न कळवता, स्वतःच्या बैलांच्या दमणीतून. पंचफुलाबाईनं त्यांना पाहिलं आणि तिच्या हातून पाण्याचा गडू सांडला. पुंडलिकराव खाटेवर बसले. पाणी प्याले. पान नको म्हणाले. वाईट लक्षण.

"मी रागात होतो," ते म्हणाले. "घरी सांगून टाकलं होतं, सोयरीक मोडली."

नत्थूजींनी मान हलवली. "तुमचं बरोबर हाय."

"ऐकून तं घ्या! मंग दुकानात बसल्या बसल्या विचार केला. रोज गंज लोक, ढीगभर लोक मले जबान देतात. उद्या येतो, परवा देतो. मोडतातही गंज. पण मोडली हे सांगाले आजवर एकही नाही आला. दुकानासमोरून जाणं सोडतात, दुसऱ्या गल्लीनं जातात. तुम्ही तख्तावर चढून सांगितलं. अन् तेही पोरीचं लगन टांगणीवर ठेवून." त्यांनी मांडीवर थाप मारली. "अशे माणसं जास्त असते नं देशात, तं मी कुलुपाचा धंदाच बंद केला असता."

"तुम्ही कुलूप विकता काय?" पंचफुलाबाईला दारातून राहवलं नाही.

"विकतो वो बाई, भांड्यांसोबत." पुंडलिकराव पुढं सरकले. "तं व्याही, फाल्गुन पक्का. द्या पुन्हा जबान."

नत्थूजींनी तोंड उघडलं. 'हो' ओठांपर्यंत आला होता, जन्माची सवय. आणि तो तिथंच अडला. ते हळू आवाजात म्हणाले, "नाही देत."

"आँ?"

"मत मी बोजाऱ्यात देऊन बसलो होतो, कारण देताना इचारलं नाही कोणाचं हाय ते. पोरीचं लगन पोरीचं हाय. तिले इचारा."

पुंडलिकराव चाटच पडले. पांढुर्ण्यात आजवर कोणी पोरीला विचारलं नव्हतं, आणि पोरीच्या बापानं विचारा म्हणणं तर ऐकलंच नव्हतं. पण त्यांनी दमणी इतक्या लांबून आणली होती. रिकामं जायचं कसं? शेवटी त्यांनी माजघराच्या दाराकडे तोंड करून, संकोचत विचारलं, "पोरी, मान्य हाय काय?"

दाराआड बांगड्या वाजल्या. मग उर्मिलेचा आवाज आला, स्पष्ट. "आंधी एक सांगा. ज्यायच्यासंग लगन हाय, त्यायनं मत कशावर देल्लं?"

"मत गुप्त असते, माय."

"निशाण नका सांगू. भैय्याजीनं मतासाठी घातलेली पंगत जेवून देल्लं का न जेवता, एवढंच सांगा."

पंचफुलाबाईनं तोंडात पदर कोंबला. नत्थूजी छताकडे पाहू लागले. पुंडलिकरावांच्या कपाळावर घाम आला, पौषातसुद्धा. "पोराचं मले नाही मालूम," ते म्हणाले. मग घुटमळले. मग एकदम कबूलच करून टाकलं. "पण मी जेवलो होतो. बुंदी होती."

खाटेवर, दाराआड, अंगणात, जो तो हसत सुटला, पुंडलिकराव स्वतःही. हसता हसताच ते दमणीत चढले. "पोराले इचारून येतो!" आणि बैलांना असा चाबूक दाखवला की बैलही चकित झाले.

ते परत आले नाहीत. आला तो अरविंद, स्वतः, सायकलवरून, पांढुर्ण्याहून बोरगावपर्यंत, धुळीनं माखलेला. उर्मिलेला म्हणाला, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या हातून कसं पाठवू?" नत्थूजींनी त्याला बागेकडे बोट दाखवलं, आणि गावातल्या साऱ्या बाया पाणी भरायला अचानक त्याच बाजूला निघाल्या. पण संत्र्याच्या झाडांत ती दोघं काय बोलली ते कोणालाच नीट ऐकू आलं नाही, याची हळहळ बोरगावला आजतागायत आहे. उर्मिला बाहेर आली तेव्हा लाल झाली होती, आणि बापाला म्हणाली, "बाबा, फाल्गुनातली कोणती तिथी म्हणत होते तुम्ही?"